सासूबाईंचं ऊन

रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या कामगारांपेक्षा सासूबाईंना जास्त ऊन लागलं होतं. यंत्र तसं सांगत होतं, आणि यंत्र दोनदा तपासून झालं होतं.

संशोधक सूनबाई चक्रावली. त्वचेचा कर्करोग टाळायचा तर कुणाला किती ऊन लागतं हे आधी कळायला हवं, म्हणून तिने कामगारांना ऊन मोजणारे बिल्ले आठवडाभरासाठी दिले होते. तुलनेला घरात बसणारं कुणीतरी हवं होतं. गुडघ्यांमुळे उंबरठा न ओलांडणाऱ्या सासूबाई हाताशीच होत्या.

"अगं, शोध आहे हा, शोध!" विभागप्रमुख खुर्चीतून उठलेच. "घरातलं छुपं ऊन! उद्या समितीपुढे हेच मांडू. नाहीतर प्रकल्प गुंडाळतील ते आपला."

"सर, आधी घर बघून येते."

भर दुपारी घरी येऊन तिने ऊन मोजायचं मापक घेतलं आणि कोपरा न् कोपरा धुंडाळला. खिडकीपाशी किंचित ऊन, खुर्चीपाशी नाहीच.

"काय हरवलं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"ऊन शोधतेय, आई."

"पलंगाखाली?" सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "रजा घे तू थोडी."

"आई, बिल्ला रोज लावत होतात ना?"

"लावत काय, काढलाच नाही! कपड्यावरून काढायचा नाही, असं तूच बजावलंस. निळ्या गाउनला लावला तो लावला."

"आणि तो गाउन?"

"टोचायचा मेला बिल्ला. पहिल्याच दिवशी धुतला गाउन, ह्यांनी गच्चीत दोरीवर टाकला, तो आठवडाभर तिथेच. तुला परत द्यायला बिल्लाही ह्यांनीच तिथून काढून आणला."

सूनबाई पलंगावर बसली. मग काहीतरी सुचून तिने कामगारांच्या मुकादमाला फोन लावला.

"दादा, बिल्ले कशाला लावले होते सगळ्यांनी?"

"नव्या शर्टांना, मॅडम! तुम्ही आलात त्या दिवशी घातलेल्या. डांबरात कोण घालतंय ते? घरी खुंटीवर जपून ठेवलेत. तुम्ही परत मागेपर्यंत एकानंही बिल्ला काढला नाही, बरं का!"

दुसऱ्या दिवशी ती समितीपुढे म्हणाली, "आठवडाभर आम्ही शर्टांना आणि एका गाउनला किती ऊन लागतं, ते मोजलं. चूक माझ्या सूचनेत होती." विभागप्रमुखांनी डोळे मिटले. समिती मात्र पोट धरून हसली आणि पुन्हा मोजायला मुदत देऊन मोकळी झाली.

संध्याकाळी तिने सासूबाईंना नवी सूचना वाचून दाखवली, "बिल्ला सतत माणसाच्या अंगावरच असावा."

सासूबाईंनी एकदा गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं, एकदा आपल्या गुडघ्यांकडे.

"म्हणजे या खेपेला गाउनबरोबर मलाही वाळत घालणार?"