खिल्लार जोडी आणि शंभर मार्क

"ह्या डब्यातलं आता काय बी मरत न्हाई मास्तर! कृष्णामाई उंबऱ्यावर आली तरी तुमचं धडं जित्तं राहतील!" असं सुभेदार हंबीरराव छातीवर थाप मारून म्हणाले, तेव्हा विष्णुपंत मास्तरांनी समाधानानं मान डोलावली. तिथंच चुकलं.

सांगलीच्या गावभागात दोघे शेजारी. मास्तर शहात्तर वर्षांचे. तीन वर्षं खपून, खोकत, मधेमधे वाफ घेत त्यांनी गणिताचे दोनशे बारा धडे फोनवर चित्रित केले होते. पंधरा जूनला शाळा उघडल्या की तासगावकडच्या अकरा शाळांना ते द्यायचे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. हंबीररावांनी फौजेत वायरलेस सांभाळलेला, म्हणून धडे सांभाळायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

धडे साठवायच्या डब्यात दोन डिस्क बसवायच्या होत्या. दोन्हींवर तेच धडे. एक गेली तर दुसरी आहेच! दुकानातली मयूरी म्हणाली होती, "काका, दोन वेगळ्या कंपनीच्या घ्या."

"ताई, जोडी कवा बघितलीस का?" हंबीरराव हसले. "एक वय, एक उंची, एक दावण! एक बैल थोराड अन् दुसरा खोंड असला की नांगर वाकडा जातोय."

त्यांनी एकाच खोक्यातल्या, लागोपाठच्या नंबरच्या दोन डिस्क निवडल्या. घरी आणून दोघींना हळदकुंकू लावलं. फोनमधले धडे डब्यात भरले आणि फोन धुतल्यासारखा रिकामा करून टाकला. दोन ठिकाणी आहेत म्हटल्यावर तिसरं कशाला?

फाल्गुनात डबा म्हशीसारखा चालू लागला. जुना धडा सुधारायचा म्हणून मास्तर तो पुन्हा पाच वेळा चित्रित करत आणि चार वेळा खोडायला लावत. हंबीररावांनी मयूरीला फोन लावला.

"काका, तुम्ही खोडता ते फक्त यादीतलं नाव. आतली जागा रिकामी झाली हे डिस्कला कुणीतरी सांगावं लागतं. दोघींना जोडणारं मधलं कार्ड तो निरोप पुढं देत नाही. मग डिस्क जुना कचराच जपत बसते, इकडून तिकडं हलवत राहते. नवं कार्ड मागवते, यायला तीनेक महिने लागतील. तोवर काही करू नका."

फौजेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला 'काही करू नका' म्हणणं म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणणं!

"कचरा हाय व्हय?" हंबीररावांनी बाह्या सारल्या. त्यांनी कुठूनसा एक प्रोग्रॅम शोधला. सगळी मोकळी जागा तो शून्यांनी भरायचा, मग ती शून्यं पुसायचा. पहाटे एक घासणी, दिवेलागणीला दुसरी. बराकीतल्या फरशीचीही एवढी हजामत झाली नसेल!

प्रोग्रॅमच्या कोपऱ्यात एक गोल होता आणि त्यात आकडा. पहिल्या दिवशी नऊ. चार दिवसांनी तेरा. खाली बारीक अक्षरं होती, पण चष्मा लावणं हंबीररावांना कमीपणाचं वाटे.

"मास्तर, डबा मार्क देतोय! रोज एक वाढतोय!"

मास्तरांना मार्क वाढलेले नेहमीच आवडत. त्यांनी फळ्याचा कोपरा मोकळा करून दिला. हंबीरराव रोज खडूनं आकडा लिहू लागले. पस्तीसला "पास झाला!", साठला "फर्स्ट क्लास!" नव्वदीनंतर तर त्यांनी तिसरी घासणी सुरू केली. हुशार पोराला शेवटचा जोर द्यावाच लागतो!

चार जूनला शंभर! हंबीरराव तडक एसटीनं साताऱ्याला गेले आणि दोन किलो कंदी पेढे घेऊन आले.

पाच जूनला डबा उघडेना. थोपटून झालं, उलटा करून झाला. मयूरी धावत आली. मास्तरांच्या पत्नी क्षमाकाकूंनी आधी तिच्या हातावर पेढा ठेवला.

"कशाचे हो काकू?"

"डब्याला शंभरपैकी शंभर मिळाले!"

मयूरीनं फळा पाहिला. अर्धा पेढा तिच्या तोंडातच राहिला.

"काका... ते मार्क नव्हते. डिस्कचं आयुष्य किती संपलं, ते होतं."



"पण म्या तर दिवसातनं तीनदा शून्यं भरून साफ करीत हुतो!"

"डिस्क म्हणजे हजारो छोट्या पाट्या, काका. ठरावीक वेळाच पुसता येतात. तुम्ही दिवसातनं तीनदा पुसल्या. आणि ती शून्यंसुद्धा डिस्कला धडाच वाटली. तीही ती जपत बसली."

"अन् दुसरी डिस्क? जोडीची?"

"जोडी झकास निवडलीत. एका दिवशी जुंपली, सारखंच ओझं ओढलं, एकाच दिवशी बसली." तिनं दोन्ही डिस्क हातात घेतल्या. "मी पुण्याला पाठवून बघते. पण काका, आशा धरू नका."

 गोळीबारात न वाकलेला माणूस पेढ्यांच्या बॉक्सशेजारी गुडघ्यात डोकं घालून बसला. "मास्तर, मला गोळी घाला."

 दोनशे बारा धडे, दहा दिवस, शहात्तर वर्षं. हा हिशोब मास्तरांना फळ्याशिवाय करता येत होता, आणि तो जमत नव्हता.  ते खोकले, उठले आणि डस्टरनं तो शंभर पुसला.

"हंबीरराव, पोरं नापास झाली म्हणून मी कधी शाळा सोडली नाही. फोन धरा." त्यांनी खडू उचलला.  "पाठ पहिला. पंधरा जूनला निदान दहा धडे तरी पोचतील. बाकीचे... जगलो तर."

हंबीररावांनी डोळे पुसले. मास्तरांची ही माया बघून त्यांना राहवेना. आपणही काहीतरी करावं म्हणून ते उठले, आणि मास्तर पुस्तक काढायला पाठमोरे वळले असताना फळ्याची उरलेली जागा मन लावून घासू लागले. ओघात नुकताच लिहिलेला 'पाठ पहिला'ही गेला.

चाळीस वर्षांच्या नोकरीत विष्णुपंत मास्तरांनी कुठल्याही पोरावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी मात्र अख्ख्या गावभागानं ऐकलं.

"हंबीरराव! डस्टर खाली ठेवा!"