मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांनी झोपेत ब्रेक मारला. ब्रेक म्हणजे बायकोची पोटरी.

"आता कोण आडवं आलं?" तिने अंधारात विचारलं.

"खांब. गाडी तुझी आई चालवत होती."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यावर वर्षानुवर्षं टेकलेला मास्तरांचा पाय घरी आला तरी कामावरच असे. सकाळी सासूबाईंची लायसन्सची परीक्षा होती. मास्तरांनी शेजारी बसायचं, परीक्षा घेणाऱ्या आरटीओच्या साहेबांनी मागे; आणि मास्तरांचा ब्रेक लागला की उमेदवार नापास. सासूबाई दोनदा नापास झाल्या होत्या. दोन्ही वेळा गुन्हेगार पायच. पुन्हा असं झालं तर दुसरा मास्तर बघेन, असं त्यांनी जेवताना अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

मास्तर उठून बसू लागले. बायकोने त्यांना आडवं केलं. ती पाळणाघर चालवायची. आकांत करणारी पोरंही तिच्या हाताखाली लोण्यासारखी मऊ पडत.

"झोपायचं नाही," ती म्हणाली. "झोपेच्या मागे लागलं की ती पळते. नुसतं अंग सोडायचं. श्वास सावकाश बाहेर. आता अंगठा सोडा."

अंगठा.

घोटा.

पोटरी. (मास्तरांची. बायकोची अजून ठणकत होती.)

गुडघ्याची पाळी येण्याआधीच मास्तर घोरू लागले. बाई नव्हे, जादूच.

सकाळी चौकात सायकलवाला आडवा आला. पाय शिवशिवला. मास्तरांनी डोळे मिटून बायकोचा आवाज आठवला. श्वास बाहेर. अंगठा. घोटा.

पो

"मास्तर, उतरा आता."

साहेब खिडकीशी उभे होते. गाडी पांढऱ्या रेषांच्या मधोमध, सरळ लागलेली. विद्यार्थ्यावर एवढा विश्वास टाकणारा शिक्षक आपण पाहिला नाही, असं म्हणून त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. सासूबाईंचे डोळे भरून आले होते.

"जावईबापू, तुम्ही इतके निवांत बसलात, म्हणून माझे हात थरथरले नाहीत हो."

मास्तरांनी जांभई गिळली. खरं काय ते फक्त बायकोला सांगितलं, आणि तिच्या हातांकडे बराच वेळ बघत राहिले.

त्या रात्री मास्तरांच्या नडगीवर लाथ बसली.

"काय गं?"

"आई म्हणते, उद्यापासून मला पाळणाघरात तीच सोडणार. गाडीनं."

मास्तरांनी तिच्या ताठ पावलावर हात ठेवला.

"अंगठा सोड," ते म्हणाले.