टिंड्यांची चूक

एका संगणकासमोर दोघांनी बसायचं, एकाने प्रोग्राम टाइप करायचा आणि दुसऱ्याने त्याच्या चुका पकडायच्या, ही राजीवसरांची नवी टूम. गुरुग्रामच्या त्या ऑफिसात सगळे वैतागले, एक प्रसन्न सोडून. त्याच्या शेजारच्या खुर्चीत अश्लेषा होती.

दिल्लीत मुनिरक्याच्या खोलीत राहणारा हा पुण्याचा गडी दिवसभर हिंदी बोलून शिणला होता. अश्लेषा दिल्लीतल्याच द्वारकेत वाढलेली, तिचं मराठी निम्मं हिंदीच. पण "यार, नीट बस ना" एवढं ती म्हणाली तरी त्याला घरी आल्यासारखं वाटे. काम संपलं की जोडी मोडणार, हे त्याला सहन होईना. म्हणून भाजी मागवायच्या ॲपमध्ये तो रोज एखादी चूक मुद्दाम पेरू लागला. ती पकडायची, भांडायची. तेवढाच सहवास!

शुक्रवारी मात्र अश्लेषा गप्पच राहिली. "चलो, झालं! पाठव."

त्याने जड मनाने पाठवलं. थोड्याच वेळात राजीवसर लालबुंद होऊन आले.

"घर पे धनिया मँगवाया, टिंडे आए! भिंडी मँगवाई, फिर टिंडे! दो लोग बैठे थे, किसी को नहीं दिखा? ठीक करके ही घर जाना!"

अश्लेषाने कपाळावर हात मारला. "आज तुला घरी जेवायला नेणार होते. आई थालीपीठं लावतेय."

थालीपीठ! प्रसन्नने घाईने खुर्ची पुढे ओढली. चूक कुठे आहे ते या पठ्ठ्याला पाठ होतं. पण थेट बोट ठेवलं तर चोरी उघडी पडणार. तो भलतीकडेच शोधत बसला. अश्लेषाच्या आईचा फोन आला, परत आला. शेवटी त्याला राहवेना.

"इथे आहे. मीच केली. जोडी मोडू नये म्हणून."

"माहितीये. तू टाइप करत होतास तेव्हा मी काय छत बघत होते?"

"मग बोलली का नाहीस?"

"रोज मीच बोलते. म्हटलं, आज तरी तू बोलशील."

मागे येऊन उभ्या राहिलेल्या राजीवसरांनी हे ऐकलं आणि जोडी तिथल्या तिथे मोडली. प्रसन्नचा चेहरा पडला.

"आता चल तरी," अश्लेषा म्हणाली. "जेवायला सरांची परमिशन लागत नाही."

द्वारकेला पोचेपर्यंत बाबांनी थालीपीठं फस्त केली होती. ताटात टिंड्यांची, म्हणजे आपल्या ढेमशांची, भाजी आली. प्रसन्नला टिंडे अजिबात आवडत नव्हते.

"अजून वाढू का रे बाळा?" अश्लेषाच्या आईने विचारलं.

किती दिवसांनी कुणी असं विचारत होतं!

"वाढा," तो म्हणाला, आणि त्यांनी पुन्हा विचारावं म्हणून भराभर खाऊ लागला.