गॉर्डनच्या गॅरेजची पट्टी

एवढ्याशा कामासाठी वकील कशाला, असं मी म्हणालो आणि तिथेच सगळं फिसकटलं.

आमच्या शेजारी माझा मेहुणा गॉर्डन राहतो. त्याचं गॅरेज बांधणाऱ्यांनी हातभर आमच्या हद्दीत घुसवलं होतं. इथे मिशिगनमध्ये हातभर जागा म्हणजे दारातला बर्फ ढकलून ठेवायलाही अपुरी. एका रविवारी चर्चमधून परतताना तो म्हणाला, "डेल, तेवढी पट्टी माझ्या नावावर करून दे ना."

माझी बायको मर्लीन ही त्याची सख्खी बहीण. ती म्हणाली, "दे की. पण वकिलाकडून कर."

"एका पानाचं तर हक्कसोडपत्र! मी आयुष्यभर पोस्टात लोकांना फॉर्म भरून दिलेत," असं म्हणून मी खिशातलं पेन काढलं. (भरून दिले, हे खरं. बरोबर भरले, असं कुणी म्हणालेलं आठवत नाही.)

स्टेशनरीच्या दुकानातून छापील कागद आणला. त्यात जागेच्या चतुःसीमेसाठी रकाना होता. पट्टी मोजली होती कुणी? मी आमच्या घराचं जुनं खरेदीखत काढलं आणि त्यातली चतुःसीमा सुवाच्य अक्षरात जशीच्या तशी उतरवली. पट्टी आमच्याच जागेत आहे, म्हणजे ती त्यात आलीच, हा माझा हिशेब. घेणारा म्हणून नुसता गॉर्डन लिहिला तर त्याच्या बायकोला, बर्निसला, वाईट वाटेल. म्हणून तिचंही नाव घातलं. घर आमच्या दोघांच्या नावावर, म्हणून बँकेत नोटरीसमोर माझ्यानंतर मर्लीनने पेन हातात घेतलं.

"तू नीट वाचलंयस ना?"

"अगं, मीच लिहिलंय!"

तिने सही केली. कागद काउंटीच्या कचेरीत नोंदवून मी ऐटीत घरी आलो.

उन्हाळ्यात घरपट्टीचं बिल आलं, ते गॉर्डनच्या टपालपेटीत. मी झाडांना पाणी घालत होतो. तो कुंपणाशी येऊन डोकं खाजवत उभा राहिला.

"डेल, पट्टीची घरपट्टी जरा जास्तच वाटते रे."

"असेल. गॅरेज मोठं आहे तुझं."

"हो, पण यात तीन बेडरूम आणि तळघर धरलंय."

माझ्या हातून पाइप सुटला आणि गॉर्डन आपादमस्तक भिजला. (तरी तो हसला. माणूस सोन्यासारखा आहे.)

तो लगेच घर परत लिहून द्यायला तयार झाला. पण आता सही बर्निसचीही लागत होती. तिचं नाव घालणारा शहाणा कोण, ते वर सांगितलंच आहे. ती आमच्या, म्हणजे कागदोपत्री तिच्याच, स्वयंपाकघरात येऊन बसली.

"करते की सही! आपलीच माणसं," ती गोड आवाजात म्हणाली. "फक्त यापुढे थँक्सगिव्हिंगचं जेवण माझ्याकडे."

माझ्या सासूबाई गेल्यापासून ते जेवण मर्लीनचं होतं. आईच्या हातची चव तिने सांभाळली होती, आणि त्या एका दिवसासाठी सगळं कुटुंब आमच्या टेबलाभोवती जमायचं. मर्लीन खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बरं."

घर परत आलं. या वेळी वकिलाकडून.

"माझं चुकलं गं," मी म्हणालो.

"तुझं कसलं? न वाचता सही मी केली," ती म्हणाली. तिने भांडण काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

नोव्हेंबरात आम्ही बर्निसकडे जेवायला गेलो. टर्की अशी कोरडी की गिळायला पाणी प्यावं लागत होतं. मर्लीन पाहुण्यासारखी मांडीवर हात ठेवून बसली होती. इतक्या वर्षांत त्या दिवशी तिला रिकामं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात गॉर्डन म्हणाला, "अरे डेल, या सगळ्या भानगडीत गॅरेजची पट्टी राहिलीच की!"

"हात्तिच्या! त्यात काय," मी म्हणालो, "एका पानाचं तर..."

मर्लीनने हात लांब केला, माझ्या खिशातलं पेन काढून आपल्या पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, "बटाटे घे."