अप्पांचा बैल आणि रंगीत सिनेमा

गुरुनाथअप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं की जळकोटातली माणसं समजून जायची, बैल कोर्टात आला.

त्या बैलाशी माझी ओळख झाली ती मी दूध सोसायटीत सेक्रेटरी म्हणून लागलो त्याच सकाळी. अप्पा आमचे चेअरमन. पन्नाशी ओलांडलेले, अंगानं ज्वारीच्या ताटासारखे सडसडीत, आवाज मात्र पिठाच्या गिरणीचा. केंद्रासमोर बायामाणसं कॅन घेऊन रांगेत उभी असायची, मी आत फॅट काढत बसायचो आणि अप्पा पायरीवर उभं राहून सिनेमा सांगायचे. एकच सिनेमा. लहानपणी, निजामाच्या राज्यात, नळदुर्गच्या जत्रेत तंबूत आलेला. त्याचं नाव सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण अप्पा ते घेत नसत; जुन्या बायका नवऱ्याचं घेत नाहीत तसं. ते त्याला नुसतं 'असल' म्हणायचे.

गोष्ट सरळ होती. नदीला पूर येतो, आईच्या हातून पोरगं सुटतं आणि वाहून जातं. ते परमुलखात वाढतं. तिथला एक दुष्ट पाटील त्याच्यावर चोरीचा आळ घेतो. कोर्टात त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नसतं. तेवढ्यात त्याच्या घरचा बैल, एक शिंग मोडलेला, गळ्यात घुंगुरमाळ, दावं तोडून कोर्टात शिरतो आणि पोराचा हात चाटतो. जज्जसाहेब पोराला सोडून देतात.

हात चाटल्यानं चोरीचा आळ कसा फिटतो, असं मी एकदा विचारलं. अप्पांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "सेक्रेटरी, बैल चोराचा हात चाटत न्हाय." कायद्यातला हा मुद्दा मला तोवर माहीत नव्हता.

सगळी कामं अप्पा स्वतःच करायचे. आई झाले की टॉवेलचा पदर घ्यायचे. पाटील झाले की वाक्यावाक्याला खोकायचे, कारण असलमधला पाटील खोकत होता. जज्ज झाले की पालथ्या कॅनवर बसायचे. आणि बैल झाले की एक हात डोक्याला शिंगासारखा लावून रांगेतल्या पहिल्या माणसाकडं निघायचे. चाटत नसत, पण चाटतील असं वाटायचं. त्यामुळं आमच्या केंद्रावर रांगेत पहिला नंबर धरायला कुणी तयार नसायचं. जिल्ह्यात बाकी कुठं ही अडचण असल्याचं मी ऐकलं नाही.

एकदा दूध न्यायला आलेला टेम्पोवाला पूर ऐकता ऐकता थांबला तो सुटकेपर्यंत थांबला. चैत्राचं ऊन. दूध वाटेतच नासलं आणि सगळे कॅन परत आले. मी कपाळाला हात लावून बसलो. अप्पा मात्र शांत होते. म्हणाले, मधूनच गेला असता तर पोरगं तुरुंगात राहिलं असतं.

बहात्तरच्या दुष्काळातल्या गोष्टी माझ्या वडिलांकडून ऐकलेल्या. ते आणि अप्पा तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला शेजारी शेजारी बसायचे. तिथंही असल चालूच. बैल कोर्टात शिरला की सगळ्या टोळीचे हातोडे थांबायचे आणि मुकादम ओरडायच्या ऐवजी स्वतःच डोळे पुसायचा. त्या सिनेमात आई पोराला अर्धी भाकर देते असा एक प्रसंग होता. दुष्काळात लोकांनी आग्रह धरला की तो जरा लांबवा. मग अप्पांनी अर्ध्या भाकरीची पूर्ण केली, तिच्यावर कांदा ठेवला, पुढं ठेचा आला, आणि शेवटी शेवटी तर ती माउली पोराला पुरणपोळी वाढायला लागली. पुरात वाहून जायच्या आधी पोरगं दीड तास जेवायचं. हे असलमध्ये होतं का, असं वडिलांनी विचारलं, तेव्हा अप्पा म्हणाले, "दुष्काळात सूट असती."

ती सूट दुसऱ्या कुणाला नव्हती, हे पुढं कळलं.

मी सोसायटीत लागल्यानंतर काही वर्षांनी पुन्हा पाऊस रुसला. चारा महागला, दूध घटलं. त्या उन्हाळ्यात टेम्पोवाला बातमी घेऊन आला. नळदुर्गच्या टॉकीजची जीप भोंगा लावून फिरत होती आणि सांगत होती की आपल्या बालपणीचा तोच सिनेमा आता रंगीत, नवे नट, नवी गाणी. अप्पा पायरीवरून खाली उतरले. त्यांनी एकच विचारलं, बैल आहे का. टेम्पोवाल्यानं बोर्ड बघितला होता. तो म्हणाला, बोर्डावर मोटारसायकल आहे.

अप्पा त्या दिवशी चहा प्यायले नाहीत.

त्याच आठवड्यात संचालकांची मीटिंग होती. विषय कडब्याचा होता. अप्पांनी तो बाजूला ठेवून ठराव मांडला की असलची रंगीत नक्कल ही सभा अमान्य करीत आहे. एका संचालकानं हळूच विचारलं की आपला संबंध दुधाशी, सिनेमाशी कसा. अप्पा म्हणाले, बैल हा जनावरांत मोडतो की नाही. ठराव एकमतानं पास झाला, कारण चहा ठरावानंतर यायचा होता. पुढं तालुक्याच्या साहेबांनी प्रोसिडिंग तपासलं आणि 'असल' हे कुठल्यातरी सरकी पेंडीचं नाव समजून शेरा मारला की नमुना तपासणीस पाठवावा.

निषेध झाला तरी बघितल्याशिवाय तो पक्का होत नाही, असं अप्पांचं मत पडलं. म्हणून एके दिवशी दूध उतरवून नळदुर्गकडं परत जाणाऱ्या टेम्पोत रिकाम्या कॅनांमधे बसून आम्ही दहाबारा जण नळदुर्गला तीनच्या खेळाला गेलो.

टॉकीज पत्र्याची. आत भट्टी. सिनेमा सुरू झाला आणि पडद्यावर पूर आला. त्या साली पाणी बघायलाच निम्मे लोक तिकीट काढत होते. पूर आला तसा सगळ्या टॉकीजनं सुस्कारा सोडला. अप्पाही म्हणाले, पाणी बरं आहे. पण पोरगं मोठं झालं, मोटारसायकलवर बसलं आणि एका पोरीबरोबर बर्फात लोळून गाणं म्हणायला लागलं, तशी अप्पांची चुळबुळ सुरू झाली. पाटलाच्या जागी सुटाबुटातला मालक होता. तो एकदाही खोकला नाही. अप्पा दर वाक्याला थांबून वाट बघत होते. शेवटी त्याच्या वतीनं तेच खोकले.

कोर्ट आलं. जळकोटची सगळी माणसं पडद्याऐवजी अप्पांकडं बघायला लागली. दार उघडलं, आणि ती बर्फातली पोरगी पोराच्या आईला पाठीमागं बसवून मोटारसायकल थेट कोर्टात घेऊन आली.

अप्पा उभे राहिले. "मोटारसायकल हात चाटती का," त्यांनी पडद्याला विचारलं.

नेमकी तेवढ्यात लाइट गेली. लोकांनी खुर्च्या बडवायला सुरुवात केली. दारं उघडली, उजेड आत आला, आणि अप्पा पडद्यासमोरच्या कट्ट्यावर चढले. म्हणाले, लाइट येईपर्यंत असल ऐका. मी मनात म्हटलं, आता मार खाणार. पण लोक ऐकायला लागले. खारे दाणे विकणारा टोपली खाली ठेवून बसला. अप्पा पाटील झाले, जज्ज झाले, बैल झाले. बैलाला टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर मधल्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला. ते मौलासाब होते, नळदुर्गचे टेलर. सगळ्या भागाचे शर्ट-पायजमे त्यांच्या हातचे, त्यामुळं त्यांचा शब्द खाली पडत नसे.

"अप्पा, मैं बी देख्या वो पिच्चर, तंबू में. उस में बैल नै था. घोडा था, वो बी पुर में मर जाता. कोर्ट में मुन्शी आता, कागज लेके."

अप्पा म्हणाले, मौलासाब, तुम्ही दुसरा सिनेमा बघितला असेल. मौलासाब म्हणाले की त्या जत्रेत तंबू एकच होता. अप्पांचा चेहरा उतरला, पण पाय हलले नाहीत. "माझी आक्का व्हती माझ्या संगट," ते म्हणाले. "तिच्या मांडीवर बसून बघितलाय म्या. साक्षीदार आणतो." तेवढ्यात लाइट आली, आणि पडद्यावरचं गाणं अप्पांच्या धोतरावर नाचायला लागलं.

आक्का म्हणजे काशीबाई, अप्पांची थोरली बहीण. बेंबळीला दिलेली. दुसऱ्याच दिवशी अप्पा मला घेऊन एसटीनं निघाले. मी कशाला, तर सेक्रेटरीसमोर दिलेली साक्ष पक्की असते. वाटेत मी विचारलं की इतक्या वर्षांत या सिनेमाविषयी आक्कांशी कधी बोलणं झालं नाही का. अप्पा म्हणाले, बहिणीकडं गेलं की पाऊस, चारा, लेकरंबाळं, यांतच दिवस मावळतो. आणि तिनं बघितलेलंच आहे, तिला काय सांगायचं.

आक्का लिंबाखाली सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. ठेंगण्या, हसऱ्या, अप्पांचेच कान. पाणी झालं, चहा झाला. मग अप्पांनी सगळी हकिकत सांगितली आणि म्हणाले, आता तू मौलासाबला सांग, बैल होता का नव्हता.

आक्का हसायला लागल्या. सूप खाली ठेवून हसल्या.

"कुठला शिणुमा बघितला रे आपण? माय त्याच साली पटकीत गेलती. बाबा जनावराच्या बाजारात गेलते. मला म्हणले, पोराला घिऊन गाडीपाशी बस. गाडी तंबूच्या मागं सोडल्याली. आतून आवाज यायचा नुसता. तू मायसाठी रडायला लागलास. मग म्या सांगत बसले, आता पूर आला, आता पोरगं वाहून चाललं. जे ऐकू येईल त्याचं कायबाय करत गेले."

मीच विचारलं, आणि बैल?

"आमचा ढवळ्या. बाजूलाच बांधल्याला, शिंग मोडल्यालं. ह्याचा हात चाटायला लागला आन हे रडता रडता हासलं. म्हणून घातला त्याला कोर्टात."

पाटलाच्या खोकल्याचं विचारायचं धाडस मला झालं नाही, पण आक्कांना आपणहून आठवलं. शेजारच्या गाडीखाली कुणीतरी म्हातारं खोकत पडलं होतं.

पुढं रोज तिन्हीसांजेला गुरु तोच सिनेमा मागायचा, आक्का सांगत होत्या. त्याशिवाय जेवायचा नाही. वर्षभर सांगितला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं, बेंबळीला आल्या. मग एकदम थांबून त्यांनी भावाकडं बघितलं.

"मंग तुला कुणी सांगितला रे?"

"म्या."

"म्हंजी?"

"माझा म्याच सांगायचो," अप्पा म्हणाले. "गोठ्यात बसून."

आक्कांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण निवडलं काही नाही. आता अप्पा उठतील आणि आम्ही गुमान परतीची एसटी धरू, असं मला वाटलं. पण अप्पांनी विचारलं, "आक्का, मंग तू शिणुमा कधी बघितलाच न्हाईस का?"

त्या म्हणाल्या, कुठला बघायचा आणि कुणासोबत.

अप्पा म्हणाले, लुगडं बदल.

आक्का रात्री जळकोटला मुक्कामाला आल्या आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नळदुर्गला तीनच्या खेळाला गेलो. बातमी आधीच पोचली होती. टॉकीजच्या दारात मौलासाब दोन म्हाताऱ्यांना घेऊन साक्षीसाठी उभे होते. अप्पांनी टोपी सारखी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की मौलासाब, तुमचं खरं, बैल नव्हता. मौलासाबांना हे मुळीच आवडलं नाही. ते भांडायच्या तयारीनं आले होते. आत जाता जाता ते मला म्हणाले, मगर बैल अच्छा था.

सिनेमा सुरू झाला. आक्का खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या, जणू कुणी उठवायला येईल. पूर आला तेव्हा त्यांनी पाय वर घेतले. पोरगं वाहून गेलं तेव्हा त्यांनी अप्पांचा दंड धरला आणि मग सोडलाच नाही. बर्फाचं त्यांना फार नवल वाटलं. मीठ इतकं कसं सांडलं, असं त्यांनी विचारलं. अप्पांनी तेही सांगितलं, हळू आवाजात, कुणाला त्रास होऊ न देता.

कोर्ट आलं. आसपासची माणसं अप्पांकडं वळून बघायला लागली. दार उघडलं आणि मोटारसायकल आत आली. आक्का तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "अगं माय, गाडीच घातली की आत. हे मला सुचलंच नसतं रे."

ज्या माणसानं या मोटारसायकलीविरुद्ध सोसायटीचा ठराव केला होता, तो माणूस म्हणाला, "व्हय आक्का. चांगलं केलंय त्यांनी."

खेळ सुटला. माणसं बाहेर पडली, झाडणारा केरसुणी घेऊन आत आला, तरी आक्का जागच्या हलेनात. त्यांनी भावाला विचारलं, ते पोरगं आता पुन्हा येतं का.

"येतं. सहाच्या खेळाला. तू बस."

मी तिकिटं काढून परत आलो तेव्हा दोघं कोऱ्या पडद्याकडं बघत बसले होते. कुणीच कुणाला काही सांगत नव्हतं.