ब्रोच सुरक्षित आहे

आमच्या घरात चार पिढ्यांचा चांदीचा ब्रोच आहे. तळहाताएवढा, कडेनं लटकत्या पाकळ्या. बाई चालली की किणकिणतो. नात सिग्ने पंधराव्या वर्षी दृढीकरणासाठी, बाप्तिस्म्याचं वचन स्वतःच्या तोंडानं पक्कं करायला, चर्चमध्ये उभी राहील तेव्हा तो तिच्या बूनादवर, म्हणजे आमच्या सणाच्या पोशाखावर, मीच लावणार, हे ती जन्मली त्याच दिवशी ठरलं होतं. सगळ्या वॉस गावाला मी ते ऐकवूनही ठेवलं होतं.

यंदाच्या मार्चमध्ये माझ्या मुलानं, ओद्दवारनं, चोऱ्यांची बातमी वाचली. "आई, विमा उतरव."

घराचा विमा होताच. पण त्यात ब्रोच आणि पडदे एकाच रकान्यात बसतात, असं कळलं. म्हणून कंपनीचा हालवार नावाचा अधिकारी आला. त्यानं तपकिरी चीज घालून तीन वाफल खाल्ले आणि ब्रोचचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले.

"मूल्यांकन झालंय का, आजी?"

"तुझी आजी तुझ्या घरी. मला गुनवोर म्हण. आणि झालंय की! ह्याच्यापायी माझ्या दोन्ही बहिणी मरेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत."

"ते कागदावर लागेल."

बर्गनच्या सोनारानं कागद दिला. किंमत इतकी निघाली, की आमचं घरच त्या ब्रोचच्या लायकीचं उरलं नाही. एवढ्या मालाला दीडशे किलोची तिजोरी लागते. तिजोरी जमिनीला बोल्टनं जखडावी लागते. माझ्या खोलीची जमीन लाकडी, सबब ओद्दवारनं ती फोडून काँक्रीट ओतलं. मग तिजोरीला भोंगा बसला. मांजर पलंगावरून उतरलं की तो बोंबलायचा, म्हणून मांजर शेजारच्या आस्लाउगकडे गेलं. ब्रोच राहिला.

सगळं मनासारखं झाल्यावर मी हालवारला दृढीकरणाची तारीख सांगितली. त्याचा चेहरा पडला.

"घालणार आहात?"

"नाही, उकडून खाणार आहे."

"कलम नऊ. परिधान करणं म्हणजे तिजोरीबाहेर ठेवणं. छाती ही कुलूपबंद जागा धरता येत नाही."

"माझी धरायचे लोक," मी म्हटलं. त्यानं ते लिहून घेतलं नाही.

मी त्याला समजावलं, की पूर्वी अंगावर चांदी असली म्हणजे डोंगरातले अदृश्य लोक मूल पळवत नसत. चांदी हाच आमचा विमा होता. हे मात्र त्यानं लिहून घेतलं.

"त्या लोकांविरुद्ध पोलिसांत कधी तक्रार?"

शेवटी त्यानंच मार्ग दाखवला. "सुज्ञ ग्राहक नक्कल घेतात." बाजारातल्या दुकानात मी तोंड उघडायच्या आत विक्रेत्या बाईनं गल्ल्याखालून एक काढून कागदात गुंडाळलाही.

दृढीकरणाच्या दिवशी मी सिग्नेला नक्कल लावली. चर्चमध्ये आस्लाउग वाकून म्हणाली, "चार पिढ्यांचा ना गं?"

"चार. आणि तुझा?"

"माझ्या पणजीचा."

आस्लाउगच्या ब्रोचची डावीकडची तिसरी पाकळी जराशी वाकडी होती. सिग्नेच्याही. मी पुढच्या बाकांकडे पाहिलं, मग मागच्या. पाळकबाईंसकट सगळ्यांची तिसरी पाकळी वाकडी. सगळ्याजणी एकमेकींच्या पणज्यांचं कौतुक करत होत्या. मीही केलं.

घरी आल्यावर सिग्नेनं विचारलं, "आजी, खरा कधी?"

"तुझ्या लग्नात."

"तू कधी घातलास?"

"पंधराव्या वर्षी."

तिनं नक्कल काढून माझ्या हातात ठेवली. "मग हा तिजोरीत ठेव आणि तो मला दे. चोराला काय कळणार? आज चर्चमध्ये तरी कुणाला कळलं?"

तिजोरीचा आकडा मला पाठ होता. ओद्दवार अंगणात पाहुण्यांना कॉफी देत होता. पोर ताठ उभी होती, माझ्यासारखीच, बूनादच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून.

"कंपनीला कळेल," मी म्हटलं, आणि नक्कल तिच्या छातीवर परत टाचली.

आता तुम्ही मला नावं ठेवाल. खुशाल ठेवा. फक्त आधी आपल्या लेकीच्या गळ्याकडे एकदा बघून या. आणि खरं कुठं ठेवलंय, ते एवढ्या मोठ्यानं बोलू नका.