मिसेस टोर्विक यांचा नंबर

कराचे कागद माझे मीच भरतो! एप्रिल उजाडला की आमच्या मिनेसोटातल्या गावचे लोक हिशेबनिसाकडे धावतात आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऐटीत पसारा मांडतो. यंदा तर मोठा हात मारणार होतो. आईबाप दोघंही नोकरीला जात असतील, तर पोर सांभाळायला दिलेल्या पैशांवर करात सूट मिळते. आमची ग्रेटा दिवसभर मिसेस टोर्विक यांच्याकडे असते. त्यांचं नाव, पत्ता आणि सरकारी ओळखीचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहायचा, की झालं!

"दिला का त्यांनी नंबर?" बायकोने, लोर्नाने विचारलं.

"मागितला की म्हणतात, 'मला आता कशाला हवेत नंबर? माझं वर टेकडीवर सगळं तयार आहे.'"

टेकडीवर आमच्या गावाची दफनभूमी आहे.

लोर्ना हळूच म्हणाली, "वेन्डेल, त्यांना कधी काही खाताना पाहिलंयस?"

"नाही बुवा. आणि हात किती गार असतात!"

"आम्ही आयनारआजोबांना भेटायला जातो," ग्रेटा टेबलाखालून म्हणाली. "ते जमिनीखाली राहतात. शेजारी मिसेस टोर्विकची जागा आहे."

कागद भरायचा दुसऱ्या दिवशी शेवटचा दिवस. मी तडक निघालो. मिसेस टोर्विक यांचं दार उघडं, दिवा नाही, टेबलावर कॉफीचा भरलेला कप. मागच्या दारातून बर्फात पावलं उमटली होती. जाणारीच. परत येणारं एकही नाही! पावलं टेकडी चढत धुक्यात शिरली होती. मीही शिरलो.

वर चिटपाखरू नव्हतं. कुठूनतरी पाणी ठिबकत होतं. आयनार टोर्विक यांचा दगड सापडला. शेजारी, त्याच दगडावर, हुल्डा टोर्विक, म्हणजे आमच्या मिसेस टोर्विक. आता नवरा-बायकोचा जोडीचा दगड आमच्याकडे पुष्कळ जण करतात. मागे राहिलेल्याचं नाव आणि जन्माचं साल कोरून ठेवतात, मृत्यूची जागा कोरी सोडतात. ही कोरी नव्हती! '१९४१–१९' आणि पुढचे दोन आकडे बर्फाखाली. ते काहीही असोत, एकोणीसने सुरू होणारं प्रत्येक साल कधीच संपलं होतं!

 आपण पोर सोपवलंय तरी कोणाला? उद्या सकाळी लोर्नाची इस्पितळात ड्यूटी, मग ग्रेटाला ठेवायचं कुठे? आणि लाज वाटते सांगायला, पण लगेच हेही मनात आलं, की मेलेल्या बाईला दिलेल्या पैशांवर सूट मिळते का?

खांद्यावर बर्फासारखा गार हात पडला.

"सापडले का मी?"

मी जी किंकाळी फोडली ती कॅनडात ऐकू गेली असेल!

"ओरडतोस काय मेल्या!" मिसेस टोर्विक म्हणाल्या. "आयनारची झोपमोड होईल ना!"

"तुम्ही... एकोणीसशे किती साली...?" मी दगडाकडे बोट दाखवलं.

त्यांनी नखाने बर्फ खरवडला. खाली दगड कोरा करकरीत!

"हा आयनारचा चिक्कूपणा! जायच्या आधी दगड करून घेतला. म्हणाला, हिचं एकोणीसही आत्ताच कोरा, स्वस्तात पडेल. मी काही वेळेत गेले नाही! आता तू माझा नंबर कळवणार. सरकारचा माणूस चौकशीला येणार, हा दगड बघणार आणि माझं पेन्शन बंद करणार! सगळं गाव हसतं रे मला." त्यांचा आवाज कापला. मला खरंच वाईट वाटलं. "हा आकडा काढून द्यायचा शब्द दे. मग घे नंबर."

सूट मिळाली. सगळीच्या सगळी दगडावर गेली. कारागिराने एकोणीस घासून सपाट केलं आणि विचारलं, "त्या जागी वीस कोरून ठेवू? आत्ता स्वस्तात पडेल."

"ठेवा की!" मी पटकन म्हणालो.

 मिसेस टोर्विक दगडाकडे वाकून म्हणाल्या, "आयनार, तुझा भाऊ शोभतो रे हा!"

सोमवारपासून त्यांनी ग्रेटाला सांभाळायचा दर वाढवला. "बरंच झालं, पुढच्या वर्षी सूटही वाढेल," असं मी लोर्नाला म्हणालो. तिने हिशेबनिसाचा नंबर लिहून माझ्यापुढे सरकवला.